घरी वाचून या

आमचे विज्ञानाचे सर वर्गात शिरायच्या आधी खोकायचे. खोकला नव्हता त्यांना. तो हॉर्न होता. वळणावर एसटी कशी वाजवत येते, तसे सर दाराबाहेर दोनदा वाजवायचे, "खॅक्, खॅक्", आणि मगच आत वळायचे. तेवढ्यात बाकावर नाचणारी पोरं बाकामागं बसून पुस्तक उघडून मोकळी.

फळ्यावर एक वाक्य सांगून झालं की सर विचारायचे, "कळलं?" आणि आम्ही तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर द्यायचे, "नाही कळलं." मग परत पहिल्यापासून.

नववीत असताना मधल्या सुट्टीत मी टेबलावर उभा राहून हे सगळं करून दाखवत होतो. खोकलो, खडू फुंकला, "कळलं? नाही कळलं" झालं. पोरं एकदम हसायची बंद झाली तेव्हा मला कळलं. सर दारात. त्या दिवशी नेमके हॉर्न न देता आलेले.

"रोल नंबर?"

"सत्तेचाळीस, सर."

"सत्तेचाळीस, पचनसंस्था शिकव. माझ्या आवाजात."

आख्खा तास मी सरांच्या आवाजात पचनसंस्था शिकवली. सर शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले आणि तिथून ओरडत राहिले, "आवाज बरोबर, मुद्दा चूक! पित्त कुठं तयार होतं?" शेवटी उठून म्हणाले, "खोकला जरा जास्त झाला. बाकी ठीक." त्या दिवसापासून मी सरांसाठी सत्तेचाळीस. माझं नाव त्यांना माहीत असेल असं मला तरी वाटत नाही. पचनसंस्था मात्र आजही पाठ आहे.

सरांचा जीव होता तो 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नावर. फळ्यावर मधोमध रेघ, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, आणि कमीत कमी चार मुद्दे. "मुद्द्याला मार्क आहेत, भावनेला नाहीत," हे त्यांचं वाक्य. वर्गाबाहेरही तेच. आमच्या वडगावच्या बाजारात दोडका घ्यायला गेले तर आधी दोडका आणि घोसाळं यांतला फरक स्पष्ट व्हायचा, तोवर भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाईकाला देऊन मोकळी. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गडहिंग्लजच्या. त्या सांगायच्या, "अय्यो, लग्न तर कसं केलंय म्हणता! दोन पोरी बघितल्या, कागदावर मधी रेघ मारली. उजवीकडची मी."

दहावीच्या पुस्तकात एक धडा होता. सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे कुठला. त्या दिवशी सर दारात चार वेळा खोकले. आत आले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "हा धडा सोपा आहे. घरी वाचून या." लगेच पुढचा धडा सुरू. शाळेच्या इतिहासात आख्ख्या वर्गानं गृहपाठ केला असा तो एकच दिवस.

सर निवृत्त होऊन कोल्हापुरात फ्लॅटवर राहायला आले. मीही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला लागून त्यांच्याच गल्लीत खोली घेतली. माझी दुपारची शिफ्ट, सकाळ मोकळी. गेल्या वर्षी एका सकाळी फोन आला. "सत्तेचाळीस, ये."

गेलो. सर खुर्चीत ताठ बसलेले आणि मांडीजवळ साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीत दुसरी पिशवी, आणि तिच्यातनं एक नळी वर सरांच्या लेंग्यात गेलेली. मी बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं.

काकूंनी एका दमात सांगून टाकलं. गावाकडं लग्नात जेवताना सरांची लघवी पूर्ण अडकली. पोट फुगून नगारा. दवाखान्यात नळी घातली तेव्हा सुटले. सोनोग्राफीत निघालं की प्रोस्टेटची गाठ भलतीच वाढलीय. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल माणसाची मोठ्या सुपारीएवढी असते, तुमची मोसंबी झालीय. गोळ्यांनी भागणार नाही, ऑपरेशन पाहिजे.

"मग करून टाकायचं की, सर," मी म्हटलो.

सरांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी पित्त जठरात तयार होतं म्हटलोय. "कुठलं? ऑपरेशन एक आहे का? कळलं? नाही कळलं." आणि भिंतीकडं बोट केलं.

शाळेनं टाकून दिलेला फळा सरांनी घरी आणून हॉलमध्ये लावलेला. त्यावर दोन रेघा, तीन रकाने. तीन डॉक्टर, तीन तऱ्हा. पहिल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, पोट उघडून मोसंबी बाहेर काढू. जुना, खात्रीचा मार्ग, मुळासकट काम. पण चीर मोठी, रक्त जास्त, दवाखान्यात मुक्काम जास्त. दुसऱ्यांचं म्हणणं, चीर नको, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून खरवडू. चांगला मार्ग, पण सरांची गाठ एवढी मोठी की एका बैठकीत भागेल असं नाही, आणि मागं राहिलेलं पुढं परत वाढू शकतं. तिसरा लेसर. वाट तीच, पण खरवडायचं नाही. आतला गाभा सालीपासून अख्खा सुटा करायचा, लघवीच्या पिशवीत ढकलायचा, तिथंच बारीक करून ओढून घ्यायचा. रक्त कमी, नळी लवकर निघते. पण करणाऱ्याचा हात बसलेला पाहिजे, आणि सुरुवातीला काही दिवस लघवी थोडी गळू शकते.

त्यात सरांची हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. म्हणजे जिथं रक्त कमी तो रकाना बरा, हे माझ्यासारख्या पंचावन्न टक्केवाल्यालाही दिसत होतं.

"सर, तिसरा की."

सर खोकले. चार वेळा. काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "सांगा की त्याला. का पळून आलासा ते."

झालं असं होतं की लेसरवाल्या डॉक्टर मॅडम होत्या. एवढ्यावर भागलं असतं. पण सर केबिनमध्ये शिरले आणि मॅडम उठून उभ्या राहिल्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि सरांच्या पाया पडल्या. आमच्याच शाळेच्या, वडगावच्या, माझ्या दहा-बारा वर्षं पुढच्या. सर गार. तरी मास्तरच ते, स्वतःला सावरून विचारलं, "बाळ, तू या... या विषयाकडं कशी वळलीस?"

मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हीच म्हणाला होता की, घरी वाचून या. मी वाचून आले."

सर नळीपिशवीसकट तिथनं जे उठले ते थेट घरी.

तेव्हापासून फळ्यावर मुद्दे वाढत होते आणि ऑपरेशन लांबत होतं. माझं काम असं की सरांच्या आवाजात दवाखान्यांना फोन लावायचे. सर लाजत होते म्हणून मी सर व्हायचं. सर शेजारी चिठ्ठ्या घेऊन बसायचे, एकेक प्रश्न पुढं सरकवायचे, मी खोकून विचारायचा. "खॅक्. नळी किती दिवसांनी काढता?" सर मान डोलवायचे. "खॅक्. परत वाढण्याची शक्यता?" मला तर मजाच येत होती. सर मध्येच कानात म्हणायचे, "खोकला कमी कर, लोकांना वाटेल छातीचा पेशंट आहे."

मग एक दिवस मॅडमना फोन लावायची वेळ आली. केबिनमध्ये शिरायच्या आधीच त्यांच्याकडं लघवी तपासायला दिली होती, तिचा रिपोर्ट विचारायचा होता. मी विचारलं.  मॅडम म्हणाल्या, "सर, जंतू आहेत लघवीत. औषध लिहून देते. पण नळी अशीच ठेवून बसलात तर हे परत परत होणार, आणि ताप चढून किडनीपर्यंत गेलं तर अवघड. दुसरं, तुमची लघवीची पिशवी ताणून ताणून आधीच थकलीय. जितकं लांबवाल तितकी ती नंतर आपणहून चालेल याची खात्री कमी. मग ऑपरेशन चांगलं होऊनही नळी सुटायची नाही. आता दिवस घालवू नका."

 मी सरांच्याच आवाजात कसंबसं म्हटलो, "बरं. थँक्यू."

"कोण बोलतंय?" मॅडम एकदम म्हणाल्या. "सर जन्मात कुणाला थँक्यू म्हणालेले नाहीत. फोन सरांना दे."

सरांनी दोन्ही हातांनी 'नको, नको' केलं.

"सर बाथरूमला गेलेत," मी म्हटलो.

"नळी आहे त्यांना," मॅडम म्हणाल्या. "ते बाथरूमला जातील तेव्हा मला आनंदच होईल. पण ऐकलंस ते सगळं त्यांना जसंच्या तसं सांग. नक्कल करायची तर आता माझी कर."

मी सांगितलं, शब्द न गाळता. काकूंच्या हातातला लसूण हातातच राहिला. सर उठले, पिशवी सांभाळत फळ्याजवळ गेले आणि तिन्ही रकान्यांच्या खाली लिहिलं, 'पिशवीची ताकद'.

"म्हणजे हा मुद्दा नंबर आठ," म्हणाले.

 काकूंनी आत जाऊन लसूण एवढ्या जोरात ठेचला की खालच्या मजल्यावरनं विचारणा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन दूध कट्ट्यावर गेले. आमच्याकडं म्हशी चौकात आणून समोर धार काढून देतात, आणि पेल्यावर पेले रिचवायला गल्लीतले सगळे म्हातारे जमतात. त्यातले तिघे-चौघे प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले. सर रोज त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचे.

"सर, पिशवीत काय आज?" एकानं विचारलं.

"रेशन."

"रोज रेशन?"

"केशरी कार्ड आहे. तुमचं ऑपरेशन कुठलं? खरवडून की उघडून?"

"मला काय म्हाईत, मास्तर! भूल दिलती. उठलो तवा झालतं."

"स्वतःच्या शरीरात काय झालं ते माहीत नाही?" सरांचा आवाज चढला. "कळलं? नाही कळलं! सत्तेचाळीस, खडू."

खडू सरांच्याच खिशात होता. शेजारच्या बंद दुकानाच्या हिरव्या शटरवर सरांनी चित्र काढायला सुरुवात केली. वर किडन्या दोन, त्यांच्या नळ्या, खाली लघवीची पिशवी, आणि पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट. बत्तीस वर्षं ज्या पानापाशी हा माणूस खिडकीबाहेर बघायचा, ते पान त्यांनी भर चौकात शटरवर काढलं, नावं देऊन, बाण काढून. दूध प्यायला आलेल्या दोन बायका हसत हसत तिथंच थांबल्या. सर एकदाही खोकले नाहीत.

मग त्या रेशनच्या पिशवीतनं सरांनी फोडलेल्या नारळाची एक वाटी आणि सुरी काढली. "हे बघा. करवंटी म्हणजे गाठीची साल, खोबरं म्हणजे वाढलेला भाग. एक, करवंटी बाहेरनं फोडून खोबरं काढणं. दोन, विळीवर आतनं खवत बसणं. तीन, अख्खी वाटी करवंटीपासून सोडवणं. असं." आणि सुरी आत घातली. खोबऱ्याचे तीन तुकडे झाले.

"आणा हिकडं," म्हशीवाल्या मावशी म्हणाल्या. धार सोडून उठल्या, पदराला हात पुसले, पिशवीतली दुसरी वाटी घेतली. सुरीचं टोक कडेनं घातलं, करवंटी फिरवत गेल्या, सुरी हललीच नाही म्हणा ना. टक् करून अख्खी वाटी बाहेर. पांढरीशुभ्र, कुठं ओरखडा नाही.

"हाताला वळण लागतंय, मास्तर," मावशी म्हणाल्या. "हाय का असं वळण असलेला डागदर तुमच्याकडं?"

"आहे," सर म्हणाले. "माझीच विद्यार्थिनी आहे."

"मग तुमचं कवा?"

सर शटरकडं बघत राहिले. पहिल्यांदाच असं झालं की प्रश्न विचारला गेला आणि सरांनी स्वतः त्याचं उत्तर दिलं नाही. मावशी म्हशीकडं वळल्या. "आगं बाई, मास्तरास्नी उत्तर येत न्हाय जणू. दूध प्या जावा, गार हुतंय."

परत येताना सर कोपऱ्यावर थांबले. नळीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सत्तेचाळीस, बत्तीस वर्षांत मी वर्गात खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानं शिकवलं. पँटीची इस्त्री मोडू दिली नाही." हातातल्या पिशवीकडं बघितलं. "ते गळत राहिलं तर? चारचौघांत? मॅडमसमोर? ती पोरगी पहिल्या बाकावर बसायची रे."

असल्या वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. मला नकलाच येतात. म्हणून मी खोकलो आणि सरांच्या आवाजात म्हटलो, "मुद्द्याला मार्क आहेत. भावनेला नाहीत."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. सर एकदम हसायला लागले. हसता हसता पोटाला हात लावून म्हणाले, "हसवू नकोस गाढवा, नळी ओढतीय."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या बोटांनी मॅडमचा नंबर लावला. स्वतःच खोकले. "बाळ, मी बोलतोय. मीच. तारीख दे."

ऑपरेशनच्या आधी मॅडमनी सर आणि काकू दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. मी दाराशी. गळती होऊ शकते, बहुतेकांची व्यायामानं जाते, हे सांगितलं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. मग म्हणाल्या, "आणि या ऑपरेशननंतर संबंध ठेवता येतात, पण वीर्य बाहेर न येता मागं पिशवीत जातं. अपाय काही नाही."

सरांनी वही काढली. "हे तिन्ही पद्धतींत होतं का? फरक..."

"अय्यो!" काकू कडाडल्या. "बहात्तरी गाठली की! कुठल्या रकान्यात लिहिणार हाय ते? ठेवा वही!"

मॅडम टेबलाखाली पेन शोधायला वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.

ऑपरेशन कमरेत सुई देऊन झालं, म्हणजे सर जागे. नंतर नर्सनं सांगितलं की सर मधून मधून विचारत होते, "कुठपर्यंत आलं? डावा भाग सुटला का?" आणि मॅडम काम करता करता उत्तर देत होत्या, "सुटला सर. आता उजवा." भूलवाले डॉक्टर म्हणे डोक्याला हात लावून बसले होते.

गाठ अख्खी निघाली. रक्त फारसं गेलं नाही. पण खरी परीक्षा दोन दिवसांनी होती. सकाळी नळी काढली आणि मॅडम म्हणाल्या, "पाणी प्या, फिरा, आणि आली की जाऊन या. संध्याकाळपर्यंत नाही झाली तर मला परत नळी घालावी लागेल. थकलेल्या पिशवीचा भरवसा देता येत नाही, सर."

सर पाणी प्यायले. व्हरांड्यात फिरले, हॉस्पिटलचा निळा गाऊन घालून, पण मान ताठ. अकराला आत गेले. आम्ही बाहेर कान लावून. काही नाही. चार थेंब, बाहेर येऊन म्हणाले. एकला परत गेले. काही नाही. काकूंनी डबा आणलेला तसाच. माझी शिफ्टची बस गेली, मी जाऊ दिली. तीनला सर पलंगाच्या कडेवर बसले. बसले म्हणजे खरंच बसले, पाठीत वाकून. आणि मला म्हणाले, "पिशवी संपली असेल रे. मी मुद्दे काढत बसलो."

"गप बसा," काकू म्हणाल्या. "उठा. अजून एक पेला."

चारला मॅडम आल्या. सर उठले, एक पेला पाणी प्यायले, आत गेले. पडू नयेत म्हणून दाराला कडी लावायची परवानगी नव्हती, दार नुसतं लोटलेलं. बाहेर आम्ही चौघं, मॅडम, नर्स, काकू, मी. काकूंनी माझं मनगट धरलेलं. बांगड्या रुतत होत्या.

आधी काहीच नाही. मग थेंब. मग थेंबाला थेंब लागला. मग धार. साधीसुधी नाही, भरल्या घागरीसारखी. नर्सनं तोंडावर हात ठेवला. काकूंनी डोळे मिटले.

आतनं सरांचा आवाज आला, घाबरलेला. "बाळ, हे थांबत नाही!"

"घाबरू नका, सर," मॅडम दाराजवळ गेल्या. "व्यायाम शिकवलाय तसं आवळा. थांबवून बघा."

आवाज थांबला. एकदम. व्हरांड्यात पंख्याची तेवढी घरघर.

"थांबलं," आतनं आलं. मग जरा मोठ्यानं, "थांबलं की! मी थांबवलं!"

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हसायला लागल्या.

 मग सरांनी विचारलं, अगदी हळू, पहिल्या बाकावरच्या पोरानं परवानगी मागावी तसं.

"मॅडम, आता सोडू?"

"सोडा सर," मॅडम म्हणाल्या.

आणि सरांनी सोडलं.